मावशी, नावाचं काय घेऊन बसलात?

सकाळपासून डोकं फिरलंय. दुपारी पडून पाहिलं, डोळा लागला नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक टाकून पुढे जा, मला राग नाही. (राग आहे, पण तुमच्यावर नाही.)

आज चर्चच्या उपासनेत 'वे मेकर' हे इंग्रजी ख्रिस्ती गीत झालं. आपल्या पोरांनी ते मराठीत केलंय आणि चांगलं केलंय, यमकासाठी ओढाताण न करता. गिटार सुरात होती, ड्रमवाल्यानेही आज हात आवरता घेतला होता. मी डोळे मिटून गात होते. तिसऱ्या फेरीला डोळे उघडले, तर स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरांत: 'मूळ गीत: मायकेल डब्ल्यू. स्मिथ'.

झालं. त्यापुढचं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही.

उपासना संपल्यावर स्लाइड लावणाऱ्या पोराला गाठलं. "हे नाव कुठून काढलंस?" तर म्हणाला, "यूट्यूबवर त्यांचंच समोर आलं." म्हटलं ठीक आहे, चूक होते, बदल. त्यावर तो हसून, अगदी गोड हसून म्हणाला, "मावशी, गाणं प्रभूचं आहे. नावाचं काय घेऊन बसलात?"

पोरगा गुणी आहे, हे आधीच सांगते. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन वायरी जोडतो. पण हे वाक्य मी आधी ऐकलंय. जवळपास शब्दन् शब्द हेच. तेव्हा ते माझ्या आईला ऐकवलं होतं.

आईवर येते. आधी त्या बाईबद्दल.

ते गाणं सिनाचचं आहे. ओसिनाची हे तिचं नाव, नायजेरियाची, पोर्ट हार्कोर्टच्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेली. लागोसच्या एका मोठ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षं गाणी लिहिणारी आणि आराधना चालवणारी. 2015 सालच्या अगदी शेवटी तिने हे गाणं आणलं. शब्द तिचे, चाल तिची. तिचा स्वतःचा व्हिडिओ यूट्यूबवर 20 कोटींहून जास्त वेळा पाहिला गेलाय, म्हणजे ती कुठे लपून बसलीय अशातला भाग नाही. अमेरिकेत लीलँड, मायकेल डब्ल्यू. स्मिथ वगैरे तिथल्या ख्रिस्ती गायकांनी ते रेकॉर्ड केलं ते चारेक वर्षांनी. आणि आपल्या स्लाइडवर कोणाचं नाव? चार वर्षांनी आलेल्याचं.

तिच्या मंडळीच्या शिकवणुकीबद्दल मलाही प्रश्न आहेत, ते कोणी कमेंटमध्ये काढायची गरज नाही. गाणं तिने लिहिलं की नाही, एवढंच बोला.

आता आई.

आईने आयुष्यात मोजून सात गाणी लिहिली. शाळेच्या उरलेल्या वह्यांची कोरी पानं शिवून तिने एक वही केली होती, त्यात. लिहिताना ती डाव्या हाताची बोटं वहीच्या कडेवर टेकवत मात्रा मोजायची. ओळ झाली की गुणगुणत घरभर फिरायची. मधेच श्वास घ्यावा लागला तर ओळ खोडायची. म्हणायची, "मंडळीत म्हातारी माणसं असतात, त्यांना पुरायला हवी." त्यातल्या एका गाण्यात 'दमलेल्या' असा शब्द आहे. त्या एका शब्दावर ती कित्येक दिवस अडली होती. आधी 'थकलेल्या' होतं, मग दुसरं काहीतरी, पुन्हा खोडाखोड. शेवटी 'दमलेल्या'. मी तेव्हा शाळेत होते, मला कळेना एवढं काय त्यात.

पुढे एका मंडळाने गीतांचं पुस्तक काढलं. आईचं ते गाणं त्यांनी घेतलं. आम्ही घरी पुस्तक उघडलं तर गाण्याखाली काहीच नाही. वर नाही, खाली नाही, अनुक्रमणिकेत नाही. आणि 'दमलेल्या'च्या जागी छापलं होतं 'श्रांत'.

आई विचारायला गेली, मी बरोबर होते. एक गृहस्थ खुर्चीतून न उठता म्हणाले, "बाई, गौरव प्रभूला. नावाचं काय एवढं?"

त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर संपादक समितीची सगळी नावं होती, पदव्यांसकट. त्या पानावर मात्र प्रभूने गौरव वाटून घेतला असावा.

असो. असो म्हणते, पण आज इतक्या वर्षांनी हात थरथरतायत टाइप करताना.

मला कोणीतरी सांगा, 'गाणं प्रभूचं' हे वाक्य नेहमी लिहिणारीलाच का ऐकवतात? साउंड सिस्टीमवाल्याचं बिल आलं की कोणी म्हणत नाही आवाज प्रभूचा आहे. वक्त्याचा फोटो पोस्टरवर अर्धा फूट असतो, तेव्हा कोणी म्हणत नाही वचन प्रभूचं आहे. आणि लिहिणारी बाई असली, त्यातून ती लांबच्या, गरीब समजल्या जाणाऱ्या देशातली असली, की नम्रतेचा सगळा पाठ तिच्याच वाट्याला.

बरं, गाणं आपोआप होतं असं वाटतं का लोकांना? 'वे मेकर' नीट ऐका एकदा, गिटार घेऊन बसा. चार कॉर्ड, तेच चक्र, कडव्याला तेच आणि धृपदालाही तेच. ई पट्टीत वाजवलंत तर ए, ई, बी, सी शार्प मायनर, बस. नवशिका पोरगा दुपारभरात बसवतो. काही जण याला नाकं मुरडतात, "दोन ओळी आणि वीस वेळा". मलाही पूर्वी तसंच वाटायचं, कबूल. पण धृपदात ती करते काय? देवाला एकेक नाव देत जाते. मार्ग काढणारा, चमत्कार करणारा, वचन पाळणारा, अंधारातला उजेड. क्रियापदाची वाटसुद्धा पाहत नाही. यशयाच्या 43 व्या अध्यायात समुद्रातून वाट काढणारा देव आहे ना, मला तोच ऐकू येतो त्यात. प्रत्येक नाव एका श्वासात मावतं, आवाज कुठे फार वर चढत नाही, त्यामुळे ज्याला गाता येत नाही तोही चौथ्या फेरीला गात असतो. आईची 'म्हातारी माणसं' या गाण्यात सहज गातील. हे साधलंय ते ऐकणाऱ्याचा दम किती आहे ते ठाऊक असलेल्या बाईने. आणि आपण खाली लिहितो मायकेल डब्ल्यू. स्मिथ.

2020 मध्ये काय झालं आठवतं? कोरोनामुळे मंडळ्यांना कुलपं, आणि लोक इस्पितळांबाहेर उभे राहून हे गाणं म्हणत होते. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिकेत जे मोर्चे निघाले, त्यांतही हे म्हटलं गेलं. त्याच वर्षी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या ख्रिस्ती गीतकारांच्या यादीत सिनाच पहिल्या क्रमांकावर गेली, आफ्रिकेतून पहिलीच. त्याच वर्षी ख्रिस्ती संगीताच्या डव्ह पुरस्कारांत 'साँग ऑफ द इयर'ही हेच. म्हणजे तिकडे तिला नाव मिळालं, हे मान्य करते. मिळालं म्हणूनच तर इकडे आपण ते पुसतोय याची लाज जास्त वाटते.

आणि हेही मान्य, अमेरिकेतल्या त्या लोकांनी गायलं नसतं तर आपल्या पोरांच्या कानावर ते पडलं असतं की नाही देव जाणे. त्यांच्या रेकॉर्डवर गीतकार म्हणून सिनाचचंच नाव आहे, त्यांनी काही चोरलेलं नाही. चूक आपली आहे. आपल्याला गोरा चेहरा दिसला की शोध तिथेच संपतो.

मध्यंतरी एक अभ्यास वाचला होता. 2010 ते 2020 या काळात मंडळ्यांत सर्वाधिक गायल्या गेलेल्या 38 गाण्यांपैकी 36 गाण्यांचा धागा चार मोठ्या मंडळ्यांकडे जात होता: बेथेल, हिलसाँग, पॅशन, एलिव्हेशन. रेडिंग, सिडनी, अटलांटा, शार्लट, ही चार शहरं. सगळ्या जगाच्या तोंडात चार शहरांची गाणी! तिथे लेखक एका खोलीत बसवतात, गाणं मंडळीत गाऊन पाहतात, लाइव्ह रेकॉर्ड करतात, कॅमेरे, दिवे, मग अल्बम. त्यात वाईट काही नाही, गाणी चांगलीही असतात, मी गाते. पण लागोसमधल्या एखादीने लिहिलेलं गाणं आपल्यापर्यंत यायचं तर त्यालाही याच दारातून यावं लागतं, आणि येताना पाटी बदलते.

मोठ्या घोषणा नकोत मला. त्या बारीक ओळीचं तेवढं बघा. सीसीएलआय म्हणून संस्था आहे, मंडळ्यांना गाण्यांचे शब्द स्क्रीनवर दाखवायचा परवाना देते. तिचा नियमच आहे: गाण्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, हक्काची (कॉपीराइटची) ओळ, परवाना क्रमांक. मंडळ्या काय गायल्या ते कळवतात, त्यावरून लिहिणाऱ्याला पैसे पोचतात. आपल्याकडे ती ओळ 'स्क्रीनवर गर्दी होते' म्हणून काढतात. शब्दांमागे तरंगणाऱ्या ढगांची गर्दी होत नाही वाटतं.

आणि हे आपल्याबाबतीतही झालंय हो. येशूच्या मागे जायचा निश्चय केल्याचं ते गाणं, जे आपण लहानपणी संडेस्कूलमध्ये घसा फोडून म्हटलं, ते जगभर गातात. बाहेरच्या गीतपुस्तकांत त्याच्या चालीचं नाव 'आसाम' आहे. खाली लिहितात, 'भारतीय लोकधून'. म्हणजे चालीला प्रदेश आहे, माणूस नाही. कोणीतरी एक जण, एके दिवशी, पहिल्यांदा ते गुणगुणला असेल ना? की अख्ख्या आसामने एकदम तोंड उघडलं?

तुकोबा हुशार. शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' घालून ठेवलं, आता काढा बघू. जनाबाईंनीही तेच केलं. त्यांच्याहून विरक्त कोणी आहे का आपल्यात? मी आईला तेव्हाच म्हटलं होतं, तूही शेवटच्या ओळीत नाव घाल. ती एवढी लाजली! पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी कुठे एवढी मोठी."

इथवर लिहिताना राग जरा उतरलाय. खरं सांगायचं तर आईने त्या प्रकारावर कधी कुरकुर केली नाही. एकच गोष्ट तिला लागली होती, आणि ती नावाची नव्हती. पुस्तक मिटून म्हणाली होती, "प्रभूसमोर माणूस श्रांत होऊन येत नाही गं. दमून येतो."

तेव्हा मला कळलं ते कित्येक दिवस कशात गेले होते.

पुष्कळ वर्षांनी एका अंत्यविधीला आम्ही दोघी गेलो होतो. लांबच्या ओळखीतले, तिथे आईला कोणी ओळखत नव्हतं. शवपेटी उचलायच्या आधी बायकांनी आईचं गाणं धरलं. 'श्रांत'वालंच, पुस्तकातलं. आई गात होती, आणि त्या ओळीला ती एकटीच 'दमलेल्या' म्हणाली. शेजारच्या बाईने वळून पाहिलं. गाणं संपल्यावर ती बाई समजुतीच्या सुरात म्हणाली, "फार जुनं आहे हे गाणं. कोणी लिहिलं कोणास ठाऊक. पण तिथे 'श्रांत' आहे हं."

आई म्हणाली, "हो का? चुकलंच माझं."

मी तोंड उघडणार होते, तर तिने माझा हात दाबला. जोरात.

आज त्या पोराशी मी फार वरच्या आवाजात बोलले. चार लोक बघत होते. त्याला आईचं काय माहीत? घरी आल्यावर त्याला मेसेज केला, सिनाचच्या मूळ व्हिडिओची लिंक पाठवली आणि लिहिलं की ओरडले त्याबद्दल माफ कर, पण स्लाइड बदल. दोन तास निळ्या टिका नुसत्या. म्हटलं रुसला.

हे टाइप करता करताच त्याचा स्क्रीनशॉट आला. 'मूळ गीत व चाल: सीनॅक, नायजेरिया'. खाली त्याचा प्रश्न: मावशी, आता बरोबर?

'सिनाच' असं दुरुस्त करून परत पाठवलंय. आणि त्याच्याखाली आईच्या गाण्याच्या पानाचा फोटो.