कुठला महिना, सर?

आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, ज्यांना कंटाळा आहे त्यांनी आत्ताच पुढं सरका.

आमचे एक सीनियर सर आहेत. माणूस वाईट नाही, वाढदिवसाला सगळ्यांना कचोरी आणतात, पण त्यांना पैशाची रील्स बघायचा नाद लागलाय. आज टेबलावर आमची इंटर्न होती, थर्ड इयरची पोरगी, अंबाजोगाईकडची, इथं कॉट बेसिसवर राहते. सरांनी मोबाईल तिच्यासमोर धरला आणि म्हणले, बघ, तुमच्या वयात कळायला पाहिजे हे, महिन्याला फक्त पाच हजारांची एसआयपी, म्युच्युअल फंडात, वर्षाला 12 टक्के परतावा धर, 30 वर्षांनी पावणेदोन कोटी. आम्हाला कुणी सांगितलं नाही, तुम्हाला सगळं फुकट कळतंय तरी तुम्ही कोल्ड कॉफ्या पिता.

फक्त पाच हजार. तिचा स्टायपेंड आठ हजार आहे हो!

पोरगी 'हो सर' म्हणली. डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. मी काहीच बोलले नाही. रागावलेय ती निम्मी स्वतःवरच. नंतर जागेवर येऊन कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून बघितला तर बरोबर निघाला, साधारण 1 कोटी 76 लाख येतात. म्हणजे भांडायला तीपण जागा नाही.

पण मला सांगा, ते जे 'महिन्याला' म्हणतात, तो कुठला महिना? ज्या घरात एक तारखेला पगार होतो त्या घरातला ना? माझ्या बापाच्या घरात महिना नव्हताच कधी. बार्शीकडं आमची साडेतीन एकर. जूनमध्ये पेरणी, तेव्हा बी-बियाणं आणि खत. सोयाबीन निघणार दसऱ्याच्या आगंमागं, पुढं तूर, ज्वारी. म्हणजे पैसा येणार वर्षातून दोनदा, तोही पाऊस धड झाला आणि अडत्यानं पट्टी वेळेवर दिली तर. आणि कॉलेजची फी कधी? जून-जुलै! बरोब्बर जेव्हा घरातला शेवटचा रुपया मातीत गेलेला असतो तेव्हा. ही तारीख कुणी ठरवली त्याच्या घरी शेती नसणार, हे मी लिहून देते. 50-30-20 चा फॉर्म्युला घेऊन बसलेत, पगारातले पन्नास टक्के गरजांना, तीस हौसेला, वीस बचतीला. शून्याचे पन्नास टक्के किती होतात?

माझी 2010 ची गोष्ट सांगते. एम.ए.ला होते पुण्यात, आम्ही सहा जणी एका फ्लॅटवर. नावं कुणी घेत नव्हतं, गावानंच हाक. मी बार्शी, एक अकोले, एक जिंतूर, अशा. मी आठवीच्या दोन पोरांच्या शिकवण्या घ्यायचे, त्याचे सहाशे. त्यातले चारशे भिशीला. सहा जणींचे चारशे म्हणजे चोवीसशे, दर महिन्याच्या पाच तारखेला डब्यात चिठ्ठ्या टाकून एक उचलायची. डबा माझाच होता, चटणीचा, कितीही घासला तरी चिठ्ठ्यांना लसणाचा वास यायचा.

सप्टेंबरात माझा फीचा दुसरा हप्ता राहिला होता, सोळाशे रुपये. तारीख उलटून गेलेली, दिवसाला दहा रुपये दंड चालू. दादांना फोन केला तर म्हणले, सोयाबीन उभं हाय अजून, काढलं की लगेच पाठवतो. मी म्हणलं, नाही पाठवले तरी चालतंय, बघते मी. काय बघणार होते कुणास ठाऊक. चिठ्ठीकडं डोळे लावून बसले होते. पाच तारखेला चिठ्ठी निघाली जिंतूरची.

पुढचं सांगते नंतर. आधी एक राग काढून घेते.

लोकांना वाटतं स्कॉलरशिपवाल्या पोरांना काय, सरकार देतंय की. अरे देतंय, पण कधी? स्वाधार योजनाच घ्या, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांना सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर त्यांच्यासाठी आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार, त्यात जेवणाचे 32, राहण्याचे 20 आणि निर्वाहाचे 8. भागा बाराने. राहायला महिन्याला सोळाशे सहासष्ट. सोळाशेत पुण्यात कॉट सोडा, कॉटखालची जागा मिळाली तरी मला कळवा. तरी म्हणते, असू दे, नसण्यापेक्षा बरं, कितीतरी पोरं तेवढ्यावर शिकली. पण ते तरी वेळेवर टाका ना! माझ्या ओळखीच्या एका पोराचे पैसे परीक्षा संपून गावी गेल्यावर आले, आणि आले ते भलत्याच खात्यात, कारण आधार जोडलेलं होतं गावातल्या जुन्या खात्याला आणि सरकारी पैसा जातो आधार जिथं जोडलंय तिथं. त्या खात्यात वर्षभर शून्य पडलेलं, मग बँकेनं आधी आपला मिनिमम बॅलन्सचा दंड कापून घेतला. हे पोरगं वर्षभर मित्रांच्या उधारीवर जेवलं, आणि त्याला कुणी शिकवायचं तर आपण शिकवणार, बाळा बचत कर.

माझं म्हणणं एवढंच आहे. विद्यार्थ्याकडं पैसा कमी असतो हे खरं, पण त्याहून मोठं दुखणं हे की तो उशिरा येतो. कमी पैशात कसं भागवायचं हे गरिबाच्या पोराला तुम्ही शिकवू नका, त्यात तुम्ही त्याच्यापुढं बालवाडीत आहात. आमच्या मेसला रविवारी दुपारी फीस्ट असायची आणि संध्याकाळी बंद. जिंतूरनं शोध लावला होता की दुपारी अगदी शेवटी, अडीचला जायचं, काका आवराआवरीला लागलेले असतात, उरलेल्या पुऱ्या आग्रहानं वाढतात, की रात्रीचा खर्च नाही. खाडा धरायचा तर सलग तीन दिवस नसायला लागायचं, म्हणून आम्ही गावी जायचं तेही तीन दिवसांच्या हिशोबानं जायचो, दोन दिवसांत काम झालं तरी तिसरा दिवस काढायचा. ह्याला फायनान्शियल प्लॅनिंग म्हणत नाहीत का? का त्याला इंग्रजीत बोलणारा, मागं पुस्तकांचं कपाट असलेला माणूस लागतो?

बरं, पोरं उधळत नाहीत असं मी म्हणत नाही. उधळतात. माझ्या सख्ख्या मावसभावानं हॉस्टेलवर बसून शेअर बाजारातले ऑप्शन्स खेळले आणि फीचे पैसे घालवले, बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच 2024 ला सांगितलंय की फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये शंभरातले 93 जण बुडतात, तर हा सात जणांत कसा जाणार होता देव जाणे. ते 'आत्ता घ्या, नंतर द्या'वालं आणि पाच मिनिटांत लोन देणारी ॲप तर पोरांच्या मुळावरच उठलीयेत, गावाकडं शेकडा पाचनं देणारा सावकार निदान तोंड तरी दाखवायचा. आणि पाचशेची का होईना एसआयपी ज्याला जमतेय त्यानं करावी, मी कशाला नाही म्हणू, माझीपण आहे. झालं? दिलं की नाही तुमचं तुम्हाला?

पण त्या मावसभावावरून त्या पोरीला ऐकवायचं नाही.

तर जिंतूर. चिठ्ठी तिची निघाली, मी 'अभिनंदन' म्हणलं आणि भांडी घासायला गेले. भांडी माझी नव्हतीच त्या दिवशी. ती मागं आली. म्हणली, काय करायलीस? पाळी अकोल्याची हाय ना? मी काही बोलले नाही. म्हणली, फीचं झालं का? मी म्हणलं, होईल. मग तिनं ती चोवीसशेची पुरचुंडी, त्यात पन्नासच्या आणि दहाच्याच नोटा जास्त, ओट्यावर ठेवली आणि म्हणली, तू घे, तुझी निघाल्यावर मी घेते, मला काय घाई नाही. एवढंच. ना व्याज, ना कधी देशील, ना उपकाराचा चेहरा.

पुढं दोन महिने माझी चिठ्ठी निघाली नाही. नशीब बघा, शेवटची राहिली, डिसेंबरला मिळाले तिला.

म्हणून मला बचत म्हणलं की ते पावणेदोन कोटी नाही दिसत, ओट्यावरची पुरचुंडी दिसते. आम्हाला एकटीनं कधीच शिल्लक टाकता आली नसती, जवळ पैसे दिसले की घरचं काहीतरी निघायचंच. भिशीनं काय केलं तर ज्या महिन्यात जिला नड आहे त्या महिन्यात तिच्या हातात ठोक रक्कम दिली. उशिरा येणाऱ्या पैशाला तोच एक उतारा होता. आणि हो, भिश्या बुडतात, माहितीये, आमच्या शेजारच्या फ्लॅटवाल्यांची बुडाली होती, पहिलाच नंबर लागलेली पोरगी लग्न ठरून गेली ती परत आलीच नाही.

आता आजची संध्याकाळ ऐका, इथं माझं डोकं खरं फिरलं.

साडेपाचला ती इंटर्न माझ्या टेबलाशी आली. मॅडम, स्टायपेंड या आठवड्यात होईल का? आणि लगेच, नाही झाला तरी चालेल, सहज विचारलं.

नाही झाला तरी चालेल. हे वाक्य मला कुणी सांगायला नको.

मी म्हणलं, कधीपासून राहिलाय? तर मागच्या महिन्याचा अजून नाही. बस म्हणलं, पाणी पी. मग हळूहळू निघालं. रूमवर सहा जणी आहेत, भिशी लावलीय (लावतात अजून पोरी! आता डबा नाही, मोबाईलवर चक्र फिरवतात), आणि हिचे पैसे भरायचे राहिल्यामुळं या महिन्यात चक्रच फिरवलं नाही. बाकीच्या काही म्हणत नाहीत. पण मॅडम, एकीला लॅपटॉप रिपेअर करायचाय, प्रोजेक्ट सबमिशन आहे, ती माझ्यासाठी थांबलीये.

मी एचआरला फोन लावला. ती म्हणली, आमच्याकडून कधीच पुढं गेलंय, अप्रूव्हलला अडकलंय. कुणाच्या? तर आपले कचोरीवाले सर. पंधरा दिवस झाले, एक क्लिक करायचंय. पावणेदोन कोटींचा हिशोब करायला वेळ आहे, सोळा हजारांवर क्लिक करायला नाही, दोन महिन्यांचे धरा आता, हाही भरतच आला. तिकडं सहा पोरींचं चक्र बंद पडलंय आणि हा माणूस कोल्ड कॉफीवर लेक्चर देतोय.

इतकं टाइप केल्यावर चहा करून आले. जरा थंड झाले.

खरं सांगू का, सरांवर एवढी चिडतेय पण जिंतूरची गोष्ट मी आजवर जिथं सांगितली तिथं अर्धीच सांगितलीय. त्या चोवीसशेतले सोळाशे हप्त्याला, नव्वद दंडाला, दोनशे मेसच्या बाकीला. उरले पाचशे दहा. परत द्यायला हवे होते, निदान विचारायला तरी हवं होतं. मी तुळशीबागेत गेले. दोनशे ऐंशीचा कुर्ता, एकशे ऐंशीची चप्पल, उरलेल्या पन्नासचं रिचार्ज. वर्षभर दोनच ड्रेस घालून कंटाळा आला होता, बाकी काही कारण नाही. कुणी मला तेव्हा कोल्ड कॉफी म्हणलं असतं तर बरोबरच होतं.

आणि जिंतूरला 'घाई नाही' असं जे होतं, ते तिच्या चष्म्याचे पैसे होते. हे मला डिसेंबरात कळलं, ती नवा चष्मा लावून आली तेव्हा. जुन्याची दांडी तुटलेली, काळा दोरा गुंडाळून चालवत होती ते दिसत होतं मला, पण नंबर वाढलाय, फळ्यावरचं दिसत नाही, म्हणून रोज रात्री माझी वही मागून घेते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटायचं माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मागते.

कुर्ता आणला त्या दिवशी मी तो पिशवीतून काढून दाखवलापण होता तिला. तिनं हातात घेतला, पार नाकापर्यंत नेला आणि म्हणली, कलर भारी हाय गं बार्शी, मोरपंखी ना?

जांभळा होता.

सर, तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टला आहात, वाचालच. उद्या साडेदहाला येतेय केबिनला, क्लिक होईस्तोवर समोर बसणार आहे. कचोरी नको.