ब्रेडवुड यांचं एडिंबरोमधलं काम

आधी एडिंबरोच्या आणि मग लंडनच्या अग्निशमन दलाचे प्रमुख राहिलेल्या जेम्स ब्रेडवुड यांच्यावरचा लेख आवडला. पण त्यांच्या लंडनमधल्या कारकिर्दीवरच सगळा भर आहे, स्कॉटलंडमधलं एडिंबरो मात्र दोन ओळींत आटोपलंय. खरा पाया तिथेच घातला गेला. 1824 साली शहराच्या नव्या अग्निशमन दलाची सूत्रं हाती आली तेव्हा ते जेमतेम चोवीस वर्षांचे होते, आणि काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये, शहरात भीषण आग लागली! माणसं कशी निवडली बघा: छपरं शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकाम करणारे. घर कसं बांधतात हे ज्याला ठाऊक, त्यालाच ते जळताना कुठून कोसळेल याचा अंदाज येतो. बाहेर उभं राहून पाणी मारण्यापेक्षा आत शिरून आगीच्या मुळावर मारा करायचा, धुरात जमिनीलगत राहायचं, हे त्यांनी सरावाने अंगी बाणवलं. 1833 मध्ये लंडनला गेल्यावर त्यांनी खलाशी भरती केले, तेही असाच, कामाला लागणाऱ्या कसबाचा विचार करून.

आणखी एक. लंडनमध्ये ते ज्या दलाचे प्रमुख होते, ते सरकारी नव्हतं, विमा कंपन्यांच्या पैशावर चालायचं. 22 जून 1861 ला टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली आणि भिंत कोसळून ब्रेडवुड गेले. त्या वेळी ते आपल्या दमलेल्या माणसांची विचारपूस करत होते. हे वाचताना दर वेळी गलबलून येतं. त्या आगीतल्या नुकसानीने विमा कंपन्या हादरल्या, हा भार पेलवत नाही म्हणाल्या, आणि 1865 च्या कायद्याने लंडनला सार्वजनिक अग्निशमन दल मिळालं. लेखात हा दुवा यायला हवा होता.