आईच्या पर्समध्ये किती डोंग होते?

व्हिएतनामहून येऊन दोन महिने होत आले. हालाँग बेचे फोटो टाकून झाले, होई आनच्या कंदिलांचे व्हिडिओ टाकून झाले. जे खरंच सांगायचं होतं ते राहूनच गेलं होतं, ते आज लिहिते.

हनोईतला दुसरा दिवस, शनिवार. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शनिवार-रविवारी गाड्यांना बंद असतात आणि अख्खं शहर तिथे पायी लोटतं. त्या गर्दीत आई मागे राहिली. आम्ही चौघं चार दिशांना शोधत होतो. चाळीस मिनिटांनी ती सापडली, तळ्यातल्या देवळाकडे जातो त्या लाल पुलाच्या तोंडाशी. चुकलो तर तिथेच थांबायचं हे सकाळी ठरलं होतं, ते तिला बरोबर आठवलं. घाबरलेली नव्हती. मला पाहिल्यावर एवढंच म्हणाली, "अगं, बाथरूमला जायचंय केव्हाचं. तिथे पैसे मागतायत."

तिच्या पर्समध्ये 500 रुपयांच्या दोन नोटा होत्या, रुमाल, बीपीच्या गोळ्या आणि हॉटेलचं कार्ड. एकही डोंग (व्हिएतनामचं चलन) नव्हता. डोंग सगळे बाबांच्या कमरेच्या पट्ट्यात. कार्डं नवऱ्याच्या पाकिटात. रोमिंग फक्त माझ्या आणि त्याच्या फोनवर, कारण "पाच जणांत पाच फोनचं रोमिंग कशाला?" असं ठरलं होतं. ते ठरवताना मीही मान डोलावली होती.

ही बाई गेली 26 वर्षं आमच्या कॉलनीतली भिशी चालवते. 22 बायका, दर महिन्याची वर्गणी, चिठ्ठ्या, कोणाचे थकले, कोणी आगाऊ दिले, सगळं एका लाल वहीत. एका पैशाचा घोळ आजवर झालेला नाही. बाबांच्या पगारात दोन शिक्षणं आणि एक घर तिनं बसवलं. आणि त्याच बाईला परक्या गावात बाथरूमला जायला नवऱ्याकडे किंवा लेकीकडे पैसे मागावे लागले. मला रात्रभर झोप लागली नाही.

बाबांना दोष देत नाही. तिचा स्वेटर मी भरला, औषधं मी मोजली, चिवडा आणि मेतकूट मी बांधलं. पैसे द्यायचं मला सुचलं नाही. आपल्याकडे सहलीला निघालं की पैसे "एका माणसाकडे" असतात आणि तो माणूस कोण हे विचारावंही लागत नाही. गावात हे खपतं, कारण नाक्यावरचा दुकानदार ओळखीचा असतो, रिक्षावाला "द्या नंतर काकू" म्हणतो. परदेशात तसं म्हणणारं कोणी नसतं. म्हणून मला मनापासून वाटतं, परदेशी निघालेल्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचे पैसे हवेत आणि ते वापरता यायला हवेत. वय कितीही असो, इंग्रजी येवो न येवो.

त्याच रात्री हॉटेलच्या पलंगावर आम्ही नोटा मांडल्या. व्हिएतनामी नोटांवर सगळीकडे त्यांचे राष्ट्रनेते हो ची मिन्हच, आणि शून्यं एवढी की डोळे फिरतात. त्यात 20,000 ची नोट निळी आणि 5,00,000 चीही निळसर. एक साधारण 65-70 रुपयांची, दुसरी साडेसोळाशेच्या वरची. संध्याकाळच्या उजेडात घाईत कोणीही फसेल. आईनं चष्मा लावला, नोटा उलट्या केल्या आणि मागच्या चित्रांवरून लावायला सुरुवात केली. पूल असेल तर 20,000. गवताचं छप्पर असलेलं घर म्हणजे 5,00,000 (ते हो ची मिन्हचं गाव आहे). 2,00,000 वर समुद्रातले डोंगर, हालाँग बे. 1,00,000 ची हिरवी, तिच्यावर हनोईतलं वाङ्मय-मंदिर, जे आम्ही त्याच सकाळी पाहिलं होतं. दहा मिनिटांत तिला पाठ झालं. मला आकडे वाचावे लागत होते, तिला नाही.

किमतीचा हिशोबही तिचाच. तीन शून्यं बोटानं झाकायची आणि उरलेल्याची साडेतीनपट करायची. तिथले दुकानदार तरी 50 हजारला नुसतं "50 के" लिहितात, त्यामुळे शून्यं आधीच गेलेली असतात. उत्तर खऱ्यापेक्षा थोडं चढं येतं. आई म्हणाली, चढंच बरं, हात आखडता राहतो.

दोन दिवसांनी होई आनला त्या नोटेवरचा पूल समोर आला, जुना जपानी पूल. आईनं पर्समधून स्वतःची 20,000 ची नोट काढली, हातात धरून एकदा नोटेकडे आणि एकदा पुलाकडे बघितलं. फोटो मी काढला आहे, पण तो टाकत नाही, तिला आवडणार नाही.

आता कार्डाचं. आईचं स्वतःचं बचत खातं आहे आणि डेबिट कार्डही. ते निघण्यापूर्वी चालू करून घेता आलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमापासून नवीन कार्ड फक्त भारतातल्या वापरासाठी चालू असतं. परदेशातला वापर आपण ॲपमधून किंवा बँकेत जाऊन सुरू करायचा, आणि मर्यादाही आपणच घालायची. हे कळल्यावर नवऱ्यानं आईच्याच फोनवर हॉटेलच्या वायफायवरून ते सुरू केलं, मर्यादा ठेवली 15,000 रुपये. "कार्ड हरवलं तर?" या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या मर्यादेत होतं. आणि खरं सांगायचं तर सगळं एका पट्ट्यात ठेवून तो पट्टा हरवणं जास्त भीतीचं आहे.

आईनं होई आनला रेशमी कापड घेतलं तेव्हा तिनं पहिल्यांदा मशीनमध्ये कार्ड घातलं. पडद्यावर दोन पर्याय आले: रुपयांत द्यायचे की डोंगमध्ये. रुपये दिसले की हायसं वाटतं, आपलं काहीतरी दिसतं. तिचं बोट तिकडेच चाललं होतं, मी थांबवलं. कारण हनोईला पहिल्या संध्याकाळी मी स्वतः तेच दाबलं होतं आणि शंभरामागे सहाएक रुपये जादा गेले होते. रुपये निवडले की दर ठरवतो तो मशीनवाला, आपली बँक नाही, आणि त्याचा नफा त्या दरातच असतो. वर कित्येक बँका अशा व्यवहारावर आपलं वेगळं शुल्कही लावतात. नेहमी तिथलं चलन निवडायचं. एटीएममध्येही तेच.

तिथलं चलन निवडलं म्हणजे फुकट होतं असं नाही. बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनाच्या व्यवहारावरचं बँकेचं शुल्क) आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे शंभरामागे चार रुपये तेरा पैसे जातात. डॉलर भरलेलं फॉरेक्स कार्ड स्वस्त पडेल असं आम्हाला वाटलं होतं, पण डॉलरचं कार्ड डोंगमध्ये वापरलं की त्यालाही वेगळ्या चलनाचं शुल्क लागतं. आम्हाला शेवटी रोख डॉलर नेऊन तिथल्या बँकेत बदलणंच परवडलं. नोटा मात्र कोऱ्या न्या. घडी पडलेली, पेनाची खूण असलेली नोट परत देतात, आमची एक दिली. भारतातून माणशी एका फेरीला 3,000 डॉलरपर्यंतच रोख नेता येते, एवढी लागतही नाही.

यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. आयफेल टॉवरला चालतं, सिंगापूरला चालतं, हे आपण बातम्यांत वाचतो आणि धरून चालतो. हनोईत गाडीवाल्या बायकांकडेही क्यूआर होता, पण तो त्यांच्या बँकांचा. आमच्या फोनवरून पैसे गेले नाहीत.

दा नांगहून निघायच्या सकाळी आई उठून एकटी खाली गेली. अर्ध्या तासानं आली, हातात बाबांसाठी कॉफी. भिशीच्या वहीसारखीच एक छोटी वही तिनं तिथे घेतली होती, तीत लिहिलं: कॉफी 2, 50 के.

परवा भिशीत कळलं, दोघी जणी मे महिन्यात थायलंडला निघाल्यात, तिथलं चलन बाथ. विमान कुठलं, हॉटेल कुठलं, जेवण शाकाहारी मिळतं का, सगळं बोलून झालं. आईनं चिठ्ठ्यांचा डबा बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या पर्समध्ये बाथ किती असणार?"