होडी बांधताना पाण्याला जागा ठेवा

काल सकाळी दहाच्या सुमारास आमच्या खाडीतल्या धक्क्यावर एक नवीकोरी फायबरची होडी बघितली. इंजिन नवं, रंग नवा, नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, घातलेली झेंडूची माळ सुकून तशीच लटकलेली. आणि बांधली होती कशाने, तर दीड-दोन मीटरच्या हिरव्या प्लास्टिकच्या दोराने, धक्क्याच्या रेलिंगला, एकावर एक चार निरगाठी मारून. तिथी होती चतुर्दशी. मालक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, दिवसभरासाठी अलिबागला निघाला होता. मी त्याला हात धरून परत आणला. आम्ही दोघांनी अर्धा तास घालवून होडी नीट बांधली, मगच त्याला रिक्षात बसू दिलं. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना समुद्राची सवय नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आमच्याकडे, म्हणजे मुंबई-रायगडच्या पट्ट्यात, उधाणाला, म्हणजे पुनवे-अवसेच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. एका मजल्याहून जास्त. आणि तो सहा-सव्वासहा तासांत पडतो. भरतीची वेळ काढायला आमच्या घरात कुणी मोबाइल उघडत नाही. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चतुर्दशीला चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, म्हणजे साडेदहा. पुनवेला आणि अवसेला दुपारी बारा आणि रात्री बारा. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी बांधायला एवढं पुरतं.

म्हणजे त्या पोराची होडी सकाळी दहाला अगदी दिमाखात उभी दिसत होती. साडेचारला पाणी खाली गेल्यावर तीच होडी नाळेने रेलिंगला टांगलेली असती आणि मागचं इंजिन पाण्यात बुडालेलं. नाहीतर रेलिंग उपटून निघालं असतं.

मला हे एवढं नेमकं सांगता येतं कारण मी स्वतः एकदा होडी घालवत आणली होती, तीही उलट्या बाजूने. कोजागिरी होती. संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. धक्क्याचा लोखंडी खुंटा माझ्या डोक्याच्या वर चार मीटर. शिडी नाही, कडी नाही, टायरांना धरून वर चढायचं. मी काय केलं, तर धक्क्याच्या खांबांमध्ये खाली जो आडवा बीम असतो त्यालाच आखडता दोर बांधला आणि आटवलेलं दूध प्यायला घरी गेलो. रात्री साडेअकराला बाबा सहज धक्क्यावर गेले. तो बीम कधीच पाण्याखाली गेला होता. दोर तेवढाच राहिला आणि होडी वर यायला बघत होती, त्यामुळे नाळ खाली ओढली गेलेली आणि काठावरून पाणी आत यायला लागलेलं. गाठ पाण्याखाली, ताणाने दगडासारखी झालेली. बाबांनी कोयत्याने दोर तोडला तेव्हा होडी झटक्यात वर उसळली. आत गुडघाभर पाणी होतं, जाळं भिजून गोळा झालं होतं. बाबा चिडले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, “दोर लांब सोर रे. पानी काय तुज्या दोराला इचारून चरतं?”

दोर लांब सोडायचा म्हणजे नुसता सैल सोडायचा नाही. बरेच जण इथेच चुकतात. सैल सोडलेली होडी धक्क्यावर आपटत राहते, शेजारच्या होडीत घुसते. दोर लांब हवा आणि तिरका हवा. होडीपासून धक्क्याच्या कडेकडेने नऊ मीटर पुढे जाऊन तिथल्या खुंट्याला बांधा. पाणी चार मीटर खाली गेलं तरी त्या दोराला जेमतेम एक मीटर ढील पुरते. तोच दोर समोर दोन मीटरवरच्या खुंट्याला बांधलात तर अडीच मीटर ढील ठेवावी लागते, आणि भरतीला ती सगळी ढील होडीच्या नाचण्यात जाते. घरी भिंतीजवळ सुतळी धरून बघा, लगेच कळतं. बाबांनी मला अंगणात खाटेच्या पायाला सुतळी बांधून असंच दाखवलं होतं.

असे चार दोर लागतात. नाळेचा पुढे, मागचा मागे. आणि दोन आडवे तिरके, एकमेकांना ओलांडून जाणारे: नाळेपासून निघून मागच्या खुंट्याकडे जाणारा एक, मागून निघून पुढे येणारा एक. पहिले दोन सगळे बांधतात. नंतरचे दोन कुणीच बांधत नाही, आणि होडी धक्क्याला घासत पुढेमागे सरकू नये म्हणून खरं काम तेच दोन करतात. मोठी लाँच लाट मारून जाते तेव्हा हे दोन नसले तर काय होतं ते होडीच्या काठावरचे ओरखडे बघून कळतं.

दोराचंही तसंच. तो हिरवा-निळा प्लास्टिकचा दोर स्वस्त मिळतो, पाण्यावर तरंगतो, म्हणून सगळे तोच घेतात. पण उन्हाने तो आतून मरतो. हाताने चोळला की पांढरा भुगा पडायला लागला, तर समजायचं त्याचं आयुष्य संपलं. नायलॉन महाग पडतो, पण झटका आला की तो थोडा लांबतो आणि झटका स्वतः खातो, होडीच्या कड्यापर्यंत पोचू देत नाही. दोर धक्क्याच्या कडेवरून जात असेल तर तिथे जुन्या पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा चढवा. आणि खांबाला दोर गुंडाळू नका. खांबांवर बसलेली कालवं पात्यासारखी असतात. दोन उधाणं गेली की दोर आपोआप तुटलेला सापडतो आणि लोक चोरीचा संशय घेत बसतात.

गाठीबद्दल जास्त लिहीत नाही, लिहून गाठ येत नाही. कुणाकडून तरी बोलाईन नावाची फाशाची गाठ शिकून घ्या. तिचा फासा आवळत नाही आणि कितीही ताण येऊन गेला तरी नंतर हाताने सुटते. चार निरगाठींपेक्षा ती एक भारी आहे.

खुंट्यावर आधीच दुसऱ्याचा फासा असेल तर आपला फासा त्याच्यावर टाकू नये. आपला फासा त्याच्या फाशातून खालून वर घ्यायचा आणि मग खुंट्यावर चढवायचा. असं केलं की दोघांपैकी कुणालाही पहाटे आधी निघायचं असलं तरी दुसऱ्याला हात न लावता तो आपला दोर काढून नेऊ शकतो. मला ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. धक्क्यावर कुणाचे कुणाशी बोलणं बंद असेल, तरी एकमेकांचे दोर असेच निघतात.

वादळाची गोष्ट वेगळी. वादळात छोटी होडी धक्क्याला ठेवायचीच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा आम्ही आदल्या दिवशीच होडी गावात ओढून आणली होती आणि चिंचेच्या बुंध्याला बांधली होती. नारळाला बांधू दिली नाही बाबांनी. त्या दिवशी किती नारळ-पोफळी आडव्या झाल्या ते रायगडकरांना सांगायला नको.

आता मनातलं दुखणं. धक्के बांधले जातात ते मोठ्या लाँचेससाठी. उंची लाँचेसच्या हिशोबाने, खुंटे लाँचेसच्या हिशोबाने. सहा मीटरच्या होडीतून ओहोटीला वर चढणाऱ्या माणसाचा विचार नकाशात नसतोच. मांडव्याला तरंगतं पाँटून आहे, ते पाण्याबरोबर वर-खाली होतं. एवढा खर्च प्रत्येक गावात कुणी करणार नाही हे मलाही कळतं. पण दोन शिड्या आणि तीन वेगवेगळ्या उंचीवर कड्या, एवढ्याला कितीसं लोखंड लागतं? ज्यांच्या गावात नवा धक्का मंजूर झालाय त्यांनी ग्रामसभेत हे आत्ताच मागून घ्या. काँक्रीट पडल्यावर कुणी ऐकत नाही. आम्ही दोन वर्षं अर्ज केले.

शेवटी आम्हीच वर्गणी काढली. धक्क्याच्या आतल्या बाजूच्या एका खांबाला उभा जाड पाइप बसवून घेतला, त्यात एक मोठी लोखंडी कडी ओवली. पाणी चढतं तशी होडी कडीला वर नेते, उतरतं तशी कडी खाली येते. पाइपला कालवं बसतात, ती दर अवसेला ओहोटीत खरवडावी लागतात. या अवसेला माझी पाळी आहे. तो नव्या होडीचा पोरगा म्हणालाय, मीही येतो.