कपाळावरची राख आणि हातातला मोबाइल

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या आमच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. सकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कपाळावर राखेचा क्रूस घेतला आणि दरवर्षी या दिवशी वाचले जाते तेच मत्तयाचे शुभवर्तमान ऐकले: दान करताना उजव्या हाताने केलेले डाव्याला कळू देऊ नका, उपवास कराल तेव्हा तोंड धुऊन प्रसन्न राहा. संध्याकाळी मोबाइल उघडला, तर गावाच्या ग्रुपवर एक फोटो. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेले पाच तरुण, पाचही जणांचे हात पाच किलो तांदळाच्या एकाच पिशवीवर, आणि मधोमध आमच्याच वाडीतल्या एक आजी, ज्यांनी पदर अर्ध्या तोंडावर ओढून घेतला होता. पोरांच्या कपाळावर सकाळची राख अजून तशीच होती. म्हणजे ते शुभवर्तमान त्यांनीही ऐकले होते, आणि त्यावर बारा तासही उलटले नव्हते.

उपक्रम कोणत्या मंडळाचा, हे मी लिहिणार नाही. तो आमच्या बंधुमंडळाचा नव्हता, एवढेच सांगतो. पण त्या पाचांतला एक मुलगा आमचा आहे. तीन वर्षांपूर्वी मीच त्याला हाताला धरून संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या, म्हणजे गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या आमच्या या कॅथलिक बंधुमंडळाच्या, सभेला नेले होते. ग्रुपवर मी रागाच्या भरात चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्याही. मग पुसल्या. का पुसल्या, ते सांगण्यासाठीच ही पोस्ट लिहितो आहे.

वसईतल्या माझ्या मित्रांना आमची सभा कशी चालते हे ठाऊक आहे, तरी इतरांसाठी सांगतो. प्रार्थना होते, आध्यात्मिक वाचन होते, मग ज्या दोघादोघांनी आठवड्यात घरभेटी दिल्या असतील ते थोडक्यात सांगतात, आणि ज्या घराविषयी बोलणे झाले त्या घराचे नाव त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जात नाही. शेवटी एक कापडी पिशवी फिरते. आमची काळी आहे. प्रत्येकाने मूठ बंद करून आत घालायची आणि बंदच बाहेर काढायची. कोणी शंभर टाकले, कोणी पाच, कोणाची मूठ रिकामीच होती, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. त्यामुळे देणाऱ्याची फुशारकी आणि ज्याच्याकडे देण्यासारखे काही नाही त्याची लाज, दोन्ही त्या पिशवीतच राहतात. फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी १८३३ साली पॅरिसमध्ये ही संघटना सुरू केली तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा, कायदा शिकणारा मुलगा होता, आणि निमित्त होते एका वादसभेत मिळालेले टोमणे, की तुमचा धर्म एकेकाळी थोर असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? त्या मुलांनी वादाला उत्तर दिले नाही. स्वतःच्या खोलीतले जळाऊ लाकूड उचलून एका गरिबाच्या घरी नेले. (आमच्या शाखेला अजूनही ‘कॉन्फरन्स’ म्हणतात, ते त्या वादसभेवरूनच.) १८६३ साली हे काम पुण्यात आले, आणि तेव्हापासून आपल्या महाराष्ट्रात किती मुठी अशा पिशव्यांमध्ये गेल्या असतील, याचा हिशेब कोणाकडेही नाही. तो नसावा, हीच तर योजना.

आता माझी गोष्ट. १९८८ साली मी चोवीस वर्षांचा होतो, चर्चगेटला एका कचेरीत कारकून होतो आणि कॉन्फरन्सचा खजिनदार होतो. पैशांची पत्र्याची पेटी माझ्या घरी असे आणि तिची चावी घरातल्या आल्ताराखालच्या, म्हणजे देव्हाऱ्याखालच्या, खिळ्याला टांगलेली. जुलै महिन्यात रेल्वेचा पास संपला आणि नवा काढायला चाळीस रुपये कमी पडले. पगार एक तारखेला होता. पेटीतून चाळीस रुपये घेतले. ‘घेतले’ म्हणतो, कारण तेव्हा मी स्वतःलाही तेच सांगितले होते.

त्याच आठवड्यात गुरुवारी रात्री, मुसळधार पावसात, आमचे अध्यक्ष दारात उभे राहिले. ते निवृत्त शिक्षक होते, अख्खे गाव त्यांना मास्तर म्हणे. आमच्या यादीतल्या एका विधवेच्या मुलीचा ताप उतरत नव्हता आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या इंजेक्शनांसाठी लगेच पैसे हवे होते. मी म्हणालो, “मास्तर, चावी ऑफिसच्या खणात राहिली.” मास्तरांच्या छत्रीचे पाणी ओसरीवर ठिबकत होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिले. आल्ताराचा लाल दिवा चालू होता आणि खिळ्याला चावी होती. ते “बरं” म्हणाले आणि छत्री सावरून वाण्याच्या दुकानाकडे गेले.

एक तारखेला मी चाळीस रुपये परत ठेवले. पुढच्या सभेत जमाखर्च वाचला, तो पैशापर्यंत जुळला. जगातल्या कोणत्याही हिशेबतपासनिसाला त्या वहीत चूक सापडली नसती, आणि म्हणूनच कोणी मला ‘आमचे सगळे व्यवहार स्वच्छ आहेत, वह्या तपासा’ असे छाती पुढे काढून सांगू लागले की माझ्या डोळ्यांपुढे तो खिळा येतो.

हे लिहिता लिहिता पुन्हा ग्रुपवर नजर गेली. फोटोखाली ‘ग्रेट वर्क’, ‘प्राउड ऑफ यू बॉइज’ आणि टाळ्यांची रांग. त्या आजी कशा आहेत, हे एकानेही विचारलेले नाही! ज्या बाईने आयुष्यभर टोपलीतली भाजी विकून मुलांना वाढवले आणि कोणापुढे हात पसरला नाही, तिचा पसरलेला हात आज दोनशे मोबाइलमध्ये आहे. उद्या मिस्सेला येताना ती कोणत्या दाराने आत येईल?

फोटो टाकल्याने देणगीदार मिळतात, परदेशातली आपली मुले पैसे पाठवतात, हे खरे आहे. खरे आहे म्हणून मान्य करतो, आनंदाने नाही. आणि गुप्ततेच्या आडोशाला काय काय लपवता येते, हे माझ्याइतके कोणाला कळणार? काळ्या पिशवीच्या आडून पैसे मीच घेतले होते, टी-शर्टवाल्या पोरांनी नव्हे. त्यांनी निदान दिले तरी.

इथेच माझा राग ओसरतो. तो मुलगा वाईट नाही. शनिवारची झोप सोडून तो घरभेटीला येतो, चर्चच्या नियमाप्रमाणे आज एकभुक्त राहिला असणार; साठी उलटल्यामुळे मला तर ते बंधनही उरलेले नाही. मांस वर्ज्य करणे सोपे असते हो, शुक्रवारी आपण सगळेच करतो. कोणी पाहत नसताना चावीला हात न लावणे आणि सगळे पाहायला तयार असताना मोबाइल खिशात ठेवणे, हा उपवास मला चोविसाव्या वर्षी जमला नव्हता, मग तो बाविसाव्या वर्षी त्याला जमावा असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मास्तरांना मी पुढच्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात जाऊन सांगितले, तेही पापनिवेदनाच्या वेळी फादरांनी “ज्यांच्याशी खोटे बोललास त्यांच्याकडे आधी जा” असे बजावले म्हणून. आठ महिने मी त्यांच्या शेजारी बसून पिशवी फिरवत होतो आणि या आठ महिन्यांत त्यांनी पेटी परत मागितली नव्हती. मी सगळे सांगून खाली मान घालून बसलो. ते वह्या तपासत होते. वर न पाहता त्यांनी विचारले, “पास मिळाला होता ना वेळेवर?” त्यानंतर या विषयावर ते मरेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. वाण्याचे पैसे त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून फेडले, हे मला त्यांच्या मयतीला वाण्याकडून कळले.

मी ही गोष्ट जाहीर लिहितो आहे, म्हणजे हाही एक प्रकारचा फोटोच, असे कोणी म्हणाले तर माझ्याकडे उत्तर नाही.

आत्ता त्या मुलाचा मेसेज आला आहे: “अंकल, ग्रुपवर काहीतरी लिहून डिलीट केलंत का? माझं काही चुकलं का?” पावणेअकरा वाजले आहेत, पण तो जागा आहे. ही पोस्ट टाकण्याआधी त्याला फोन करतो. चावीची गोष्ट त्याने माझ्या तोंडून ऐकलेली बरी.