मोराला ‘उपद्रवी’ ठरवून शेत वाचत नाही

पेरणी जवळ आली की गोव्यात सत्तरीपासून काणकोणपर्यंतच्या मोबाइल गटांवर एक संदेश फिरतो: ‘मोर बेसुमार वाढलेत, ते फक्त पिकावर जगतात. सरकारने त्यांना उद्या उपद्रवी जाहीर करावे; तोवर शेतकऱ्याने दाण्याला औषध लावून आपला बंदोबस्त आपणच करावा.’ यातली नुकसानीची तक्रार खरी आहे. बाकीचे एकेक तपासू.

‘सरकारने उद्या जाहीर करावे.’ वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 च्या कलम 62 प्रमाणे उपद्रवी ठरवण्याचा, म्हणजे मारायला मोकळीक देण्याचा, अधिकार केंद्राचा आहे, आणि पहिल्या अनुसूचीतले (सर्वाधिक संरक्षण असलेले) प्राणी त्यातून वगळले आहेत. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कलम 11 खाली शिकारीची परवानगी देऊ शकतात, पण या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असेल तरच. उभ्या पिकाचे नुकसान हे कारण दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांपुरते आहे. 2016 मध्ये गोव्यात मोराला उपद्रवींच्या यादीत घालण्याची भाषा झाली होती. त्यातून शेतकऱ्याच्या हाती काही लागले नाही.

‘बेसुमार वाढलेत.’ देशपातळीवर मोर वाढल्याचे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून दिसते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मळ्यात दिसलेले मोर म्हणजे गावातले मोर नव्हेत. भात कापल्यावर आजूबाजूचे सगळे उघड्या मळ्यात उतरतात, आणि एकच नर सकाळभर ओरडून चार जण असल्याचा भास करून देतो. मोजायचे तर पावसाच्या तोंडावर, पहाटे, ठरलेल्या जागांवरून, प्रत्येक जागी तेवढाच वेळ थांबून ओरडण्याच्या दिशा लिहाव्यात; संध्याकाळी रात्रवस्तीची उंच झाडे वेगळी मोजावीत. लांडोर नरासारखी ओरडत नाही, म्हणून नुसत्या आवाजावरून एकूण संख्या सांगता येत नाही. हीच मोजणी दरवर्षी त्याच जागांवर केली तरच वाढ की घट ते कळते.

‘फक्त पिकावर जगतात.’ दाणे, कोवळे कोंब, मिरची खातात हे खरेच. त्याबरोबर वाळवी, नाकतोडे, फळे, सरडे, लहान सापही खातात. पिल्लांचे पोट तर मुख्यतः किड्यांवर भरते.

‘दाण्याला औषध लावा.’ यातला सर्वांत घातक सल्ला हाच. विषारी दाणा फक्त मोरच टिपेल असे नाही. रानकोंबडा, चकोत्री, लावा, होला त्याच बांधावर चरतात. मेलेला पक्षी कोल्हा, घुबड किंवा घरचा कुत्रा खातो आणि विष पुढे सरकते. शिवाय ही कायद्याने शिकारच आहे. अंडी फोडणे किंवा घरटे विस्कटणेही त्याच व्याख्येत येते.

मग करायचे काय? लावणीच्या भातात एक हेक्टरसाठी तरवा (लावणीआधी वाढवलेली रोपे) साधारण दहा गुंठ्यांतच असतो, आणि तो तीन-साडेतीन आठवड्यांत उपटला जातो. म्हणजे राखायचे क्षेत्र दहावा हिस्सा. त्यावर जाड धाग्याचे जाळे खुंट्यांवर ताणून बांधावे, कडा मातीत दाबाव्यात. मासेमारीचे बारीक, सैल जाळे नको, त्यात धामण अडकते. बी फेकून पेरले असेल तर कोंब मुळे धरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ राखण लागते, कारण मोर याच वेळी चरतात. दुपारी बसून उपयोग नाही. चमकत्या फिती आणि फटाके सुरुवातीला चालतात. रोज त्याच जागी असले की पक्षी सरावतात, म्हणून जागा आणि वेळ बदलत राहावे. दाणे दुधाळ झाल्यावर पुन्हा काही दिवस हीच राखण.

नुकसान झालेच तर त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून विभागीय कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावे. कुठले पीक, किती चौरस मीटर, कोंब की कणीस, हे लिहावे. ‘मोराने शेत खाल्ले’ एवढ्यावर पंचनामा होत नाही.

राहिले पडीक शेत. मळ्याला लागून माजलेली झुडपे मोरांना आडोसा देतात, तेव्हा बांधालगतचा पट्टा छाटणे योग्यच. पण तो पावसाआधी छाटावा, कारण लांडोर पावसाळ्यात झुडपात जमिनीवरच अंडी घालते. उन्हाळ्यात आग मात्र लावू नये. त्या दिवसांत काजूच्या बागेतल्या पाचोळ्यात रानकोंबडी अंड्यांवर बसलेली असते, आणि तिने तुमचे भात खाल्लेले नसते.