मास्क बांधायला अक्कल लागते, साहेब

‘मास्क बांधायला काय अक्कल लागते? सगळं मशीनच करतं, सिस्टर उगाच भाव खातायत.’ सीओपीडीच्या (श्वासनळ्या आकसून कायमचा दम लागणारा फुप्फुसांचा आजार) पेशंटला बायपॅप (तोंडा-नाकावरच्या मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) लावल्यावर वॉर्डात काय काय बघावं लागतं, या माझ्या लेखावर तुमची ही प्रतिक्रिया. मुद्दे त्यात आणखीही आहेत. पण सुरुवात तुम्हीच अशी केलीत, तर मीही इथूनच करते.

‘भाव खातायत’ हे माझ्या तोंडावर म्हणाला असतात का? माझी निम्मी नोकरी छातीच्या वॉर्डात गेलीय. चुलीच्या धुरात जन्म काढलेली एक आजी आली होती. अंगात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगीत, तरी मास्क दिसला की दोन्ही हातांनी ओरबाडायची. पट्टे आवळून मोकळं होणं सोपं होतं. मी पट्टे बांधलेच नाहीत. प्रेशर कमी ठेवून मास्क हाताने धरला, तिचाच हात त्यावर ठेवला. ‘आजी, वारा आला की आत घ्या, मग सोडा.’ श्वास मशीनशी जुळल्यावर पट्टे लावले. तरी हवा डोळ्यांकडे सुटतच होती, कारण नातेवाइकांनी कवळी काढून घेतली होती नि गाल आत गेले होते. आजी शुद्धीवर आल्यावर कवळी बसवली, तेव्हा कुठे फुसफुस थांबली.

मशीन गळतीचा अलार्म देईल हो. पण पेशंटला मळमळतंय, हे त्याला कळतं? मास्कमध्ये उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. नाकाच्या दांड्यावर लाली आलीय, तिथे आता पट्टी लावली नाही तर जखम होणार, हे कोण बघतं?

पुरावा हवा असेल तर 2000 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला ब्रिटनमधला अभ्यास वाचा. 14 हॉस्पिटलं, 236 पेशंट, आयसीयू नव्हे, साधे वॉर्ड. नुसत्या नेहमीच्या उपचारांवर 20 टक्के दगावले, मास्कवाल्यांत 10 टक्के. मशीन चालवत होता वॉर्डातलाच स्टाफ. तेही भावच खात असतील!

लेखात मास्कचे फोटो हवे होते, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. टाकते.

‘ऑक्सिजन 98 झाला तर बिघडलं कुठे’ यावर वाद नको. अशा पेशंटला रक्तातला ऑक्सिजन 88 ते 92 टक्के पुरतो, बाहेरून जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. छातीच्या कुठल्याही डॉक्टरांना विचारा. जेवणासाठी मास्क कधी काढायचा तेही लेखात आहे, नीट वाचलंत तर दिसेल.

राहिला शेवटचा प्रश्न, रात्री एका सिस्टरकडे तीस-तीस पेशंट असताना एवढं सगळं होणार कसं? ते मला काय विचारता? भरती काय मी करते?